नोंद कुणाची, दुरुस्ती कुणाची?

व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि कंपन्यांच्या बैठकांत एक मत आता इतकं रुळलं आहे की त्यावर वाद घालायची कुणाला गरजच वाटत नाही. माणसं येतात-जातात, त्यांच्या डोक्यातलं ज्ञान त्यांच्याबरोबर निघून जातं, म्हणून ते वेळीच काढून घ्यावं, लिहून ठेवावं, सिस्टीममध्ये भरावं, म्हणजे माणूस गेला तरी संस्थेचं काही अडत नाही. 'नॉलेज मॅनेजमेंट' या नावाने गेली तीसेक वर्षं जे शिकवलं गेलं, विकलं गेलं आणि विकत घेतलं गेलं, त्याचा गाभा एवढाच आहे. २०१८ मध्ये आयएसओ ३०४०१ हे ज्ञान-व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानकही आलं. ते मानक स्वतः बरंच सावध आहे, संस्थेतली माणसं आणि त्यांची वागणूक यांना त्यात मोठी जागा आहे. पण त्याच्या नावाने सॉफ्टवेअर विकणारे तितके सावध नसतात.

हे मत मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे मला भिवंडीच्या आधारे मांडायचं आहे. ज्ञानाच्या चर्चेत या गावाचं नाव सहसा कुणी घेत नाही. माग, गोदामं आणि जुन्या दंगली, एवढीच त्याची ओळख बाहेर पोचलेली. पण संस्थेच्या ज्ञानाचं काय होतं हे तपासायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात मिळणं कठीण. जवळजवळ काहीच लिहून न ठेवणारा यंत्रमाग कारखाना, प्रत्येक खोक्याची नोंद ठेवणारं गोदाम आणि नोंद करणं हेच ज्याचं निम्मं काम ते पोलीस ठाणं, हे तिन्ही इथे पाच-दहा किलोमीटरच्या आत आहेत.

आपल्याकडच्या शास्त्रार्थाची रीत अशी की प्रतिपक्षाचं म्हणणं आधी त्याच्याहून चांगलं मांडावं. तेव्हा आधी पूर्वपक्ष.

मुंबईत जकात होती तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर माल उतरवून लागेल तेवढाच आत न्यायचा, या हिशेबातून भिवंडीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींत गोदामं उभी राहिली. मानकोली, अंजूर, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर. भाताची खाचरं भरून पत्र्याच्या शेडी आल्या आणि त्यांना 'गाळा' हे नाव पडलं. त्या काळातल्या गाळ्याचं सगळं ज्ञान एका गोदाम-कीपरच्या डोक्यात असायचं. कोणता माल कुठल्या थप्पीत, कुणाची गाडी कधी येणार, कोणत्या पार्टीचा माल जुना पडला आहे, हे त्याला विचारावं. तो गावी गेला की गाळा आंधळा. मालक त्याच्या तोंडाकडे बघून जगायचा, आणि चोरी झाली तर ती कुठल्या दिवशी झाली हेसुद्धा कळायचं नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, राज्याराज्यांत केवळ करासाठी छोटी गोदामं ठेवायचं कारण संपलं आणि माल मोठ्या शेडींत एकवटू लागला. नाशिक महामार्गावर पडघ्यापर्यंत आज जी उंच छपराची गोदामं दिसतात त्यांत एका छताखाली लाखो नग असतात. तिथे गोदाम-कीपरच्या स्मरणशक्तीवर कारभार चालणं अशक्य. प्रत्येक खणाला पत्ता, प्रत्येक खोक्याला बारकोड, प्रत्येकाच्या हातात स्कॅनर. काल गावाहून आलेला मुलगा आज पिकिंग करतो आणि बरोबर वस्तू आणून देतो. हे यश मोठं आहे आणि ते नाकारणारा माणूस गाळ्यात कधी उभा राहिलेला नसतो.

भिवंडीचाच दुसरा दाखला विजेचा. २००७ च्या जानेवारीत महावितरणने इथलं वीजवितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे सोपवलं. देशातला असा हा पहिला प्रयोग. त्याआधी शहरात येणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूल होत नव्हते. मीटर बदलले, रोहित्रागणिक हिशेब ठेवला जाऊ लागला आणि काही वर्षांत ती गळती निम्म्याहूनही खाली आली. बिलांवरून यंत्रमागधारकांचे वाद झाले, ते वेगळं. पण कुठे किती वीज जाते याची नोंदच नसेल तर कुणालाच काही कळत नाही, हे पूर्वपक्षाचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं ठरलं.

त्याला तात्त्विक आधारही आहे. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांचं १९९५ चं पुस्तक या विषयाचं जणू मूळपीठ मानलं जातं. हातातलं, अबोल ज्ञान शब्दांत आणता येतं, असं ते दाखवतात. त्यांचं गाजलेलं उदाहरण पावाच्या यंत्राचं. मात्सुशिता कंपनीच्या यंत्रात कणीक नीट मळली जाईना, तेव्हा इकुको तानाका ही अभियंता ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेली, कणीक ताणताना तो तिला पीळ देतो हे तिने हेरलं आणि तो पीळ यंत्रात उतरवला. हातातलं ज्ञान यंत्रात आलं. मग पाववाल्याची गरज काय उरली?

आता उत्तरपक्ष.

पहिला आक्षेप मूळ कल्पनेवरच आहे. आकडे, त्यावर माहिती, त्यावर ज्ञान आणि शिखरावर शहाणपण, असा एक पिरॅमिड व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात काढलेला असतो. रसेल अ‍ॅकॉफ यांच्या १९८९ च्या लेखापासून तो विशेष रूढ झाला. त्याच्या पायऱ्या पाहिल्या की वाटतं, माहिती पुरेशी साठली की तीच वर चढून ज्ञान होते. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ही गल्लत कधी केली नाही. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह संस्कृतच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवला जातो. त्यात बुद्धीचे दोन भाग केले आहेत, स्मृती आणि अनुभव. यथार्थ अनुभव तो प्रमा. स्मृती कितीही अचूक असली तरी तिला प्रमेत जागा नाही, कारण ती नवं काही जाणत नाही. पूर्वी झालेल्या जाणिवेचा संस्कार तेवढा जागा करते. मूळ जाणीव चुकली असेल तर स्मृती ती चूकच इमानाने परत आणून देते. गोदामातली सिस्टीम ही या अर्थाने शुद्ध स्मृती आहे. काल कुणीतरी जे स्कॅन केलं ते ती आज सांगते. आज खणात काय आहे हे ती जाणत नाही. जाणतो तो समोर उभा असलेला माणूस.

हा शब्दच्छल नाही. मानकोलीच्या बाजूच्या एका जुन्या गाळ्यात पाहिलेली गोष्ट सांगतो. छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं, जुलै महिना. पत्रा जिथे बोल्टने आवळलेला असतो तिथून एका रांगेवर पाणी झिरपत होतं, धार नाही, थेंब. सिस्टीमच्या लेखी त्या रांगेतला खण रिकामा होता, म्हणून उतरलेला माल तिथे ठेवायचा हुकूम स्कॅनरवर आला. हमालाने खोकी उचलली, वर पाहिलं आणि माल दोन रांगा पलीकडे कोरड्यात लावला. पण स्कॅनर त्याशिवाय पुढे सरकेना, म्हणून त्याने येताना त्या ओल्या खणाच्या लेबलवर स्कॅनर मारला. माल वाचला, नोंद खोटी झाली. रात्रपाळीला दुसरा मुलगा आला, सिस्टीमने सांगितलेल्या खणाशी गेला, तिथे काही नाही. आठवड्याच्या मोजणीत फरक निघाला. स्कॅनरवर फरकाची कारणं निवडायची यादी असते: डॅमेज, शॉर्टेज, चुकीचा माल, चुकीची जागा. 'छप्पर गळतं' असं कारण त्या यादीत नव्हतं. म्हणून 'कामगाराची चूक' एवढीच नोंद झाली आणि ठेकेदाराने माणूस बदलला.

आता हिशेब पाहा. गाळ्याला छप्पर कुठे गळतं हे ठाऊक होतं की नव्हतं? एका माणसाला ठाऊक होतं आणि त्याने त्यावर अचूक कृतीही केली. सिस्टीमने त्याच्याकडून काय शिकून घेतलं? तर तो चुकार आहे, एवढंच. तो गेला, खोटी नोंद राहिली. ज्ञान जाऊ नये म्हणून जी व्यवस्था उभारली, तिनेच ते दाराबाहेर घालवलं. आणि यात कुणाचा आळस नव्हता, कुणाची बदमाशी नव्हती. त्या स्कॅनरमध्ये हमालाने हुकूम पाळावा एवढीच सोय होती, हुकूम दुरुस्त करायची नव्हती.

पूर्वपक्षाचा माणूस इथे म्हणेल, यादीत एक कारण वाढवा, झालं. वाढवावंच. पण पुढच्या महिन्यात डॉकपाशी उतार नीट नसल्याने पॅलेट घसरेल, त्याच्या पुढे एखाद्या पुरवठादाराची खोकी खालच्या थराला दबायला लागतील, मग कामवारी नदीला पूर येऊन रस्ता बंद होईल. यादी नेहमी कालच्या अडचणींची असते.

झेरॉक्स कंपनीत हेच घडलं होतं. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडून जे पाहिलं, त्यावर १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. कंपनीने प्रत्येक बिघाडासाठी कोड आणि उपाय छापून दिले होते. तंत्रज्ञ मात्र एकमेकांना जुन्या दुरुस्त्यांच्या हकिकती सांगून काम करत होते, कारण बिघाड पुस्तकातल्यासारखा क्वचितच यायचा. पुढे कंपनीने 'युरेका' नावाची प्रणाली केली. तिचं महत्त्व वेगळ्याच गोष्टीत होतं: युक्ती तंत्रज्ञाने लिहायची, ती खरी आहे का हे दुसऱ्या तंत्रज्ञांनी तपासायचं आणि युक्तीखाली लिहिणाऱ्याचं नाव राहायचं. ती टिकली. सॉफ्टवेअर म्हणून तिच्यात फार काही नव्हतं. दुरुस्तीचा अधिकार ज्याला दिसतं त्याच्या हाती दिला, एवढाच फरक.

यंत्रमागाकडे वळू. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप संपल्याची घोषणा कधी झालीच नाही. कापड विणणं मात्र थांबलं नाही, ते भिवंडीला गेलं. गिरण्यांचं काम मागांवर देण्याची रीत आधीपासून होती, संपाने तिला पूर आणला. गिरण्यांतले जुने माग भंगाराच्या भावात इथे आले आणि गिरणीत हात बसलेली माणसंही आली. संस्थेचं ज्ञान तिच्या कागदांत असतं हे खरं मानलं तर भिवंडीला कापड विणता यायलाच नको होतं. विव्हिंग मास्टरची रजिस्टरं, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांच्या वह्या, मालाचे ठरलेले निकष, हे सगळं लालबाग-परळच्या बंद दरवाजांआड राहिलं. आलं ते लोखंड आणि जॉबर.

जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारा मिस्त्री, काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. साध्या मागावर धोटा या पेटीतून त्या पेटीत फेकला जातो. तो उशिरा पोचला तर माग आपोआप थांबतो. जास्त जोरात पोचला तर आपटून मागे सरकतो आणि बाण्याचा धागा सैल पडून कापडात डाग दिसतो. फेक किती असावी हे यंत्राच्या पुस्तकात दिलेलं असतं, पण ते नव्या मागासाठी. चाळीस वर्षं चाललेल्या मागाचं चामडं झिजलेलं, लाकूड फुगलेलं, आणि शेजारच्या मागाचं तेच वेगळ्या तऱ्हेनं. जॉबर दोन मागांमध्ये उभा राहतो, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजातून एका पेटीचा आवाज वेगळा काढतो, पाना लावून अर्धा आटा फिरवतो आणि पुढे जातो. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की ताणा तुटायला लागतो. कुठल्या सायझिंगची, म्हणजे खळ दिलेल्या ताण्याची, बीम अशा हवेत टिकते, कुठली टिकत नाही, हेही त्यालाच विचारतात.

इथे मला माझ्याच बाजूच्या एका मताचंही खंडन केलं पाहिजे, कारण ते पहिल्याइतकंच फसवं आहे आणि ऐकायला अधिक गोड. ते म्हणतं, खरं ज्ञान हातातच असतं, ते लिहिताच येत नाही, सिस्टीम वगैरे सगळं वरवरचं. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ च्या पुस्तकात माणसाला सांगता येतं त्याहून अधिक ठाऊक असतं हे मांडलं, त्याचा हा सोयीस्कर विस्तार. सांगता येतं त्याहून अधिक ठाऊक असतं, म्हणजे काहीच सांगता येत नाही असं नव्हे. जॉबरला बरंच काही सांगता येतं. तो सांगत नाही याचं कारण गूढ नाही: त्याने सगळं सांगितलं की त्याची गरज संपते, आणि गरज संपलेल्या माणसाला भिवंडीच्या कारखान्यात कुणी पगार देत नाही. सायझिंगवाला आपली खळ कशी बनवतो हे सांगत नाही, त्यामागेही हेच. कारागिराच्या मौनाला कला म्हणून गौरवणाऱ्यांनी त्या मौनामागची मजुरी पाहिलेली नाही. आणि याची किंमत कारखानाच मोजतो. २०२० च्या टाळेबंदीत, मे महिन्याच्या सुरुवातीला, भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली, त्यानंतर आणखी गाड्या गेल्या. जी माणसं गेली त्यांच्याबरोबर मागांच्या खोडी-सवयींची सगळी माहिती गेली, आणि ज्या कारखान्यात एका ओळीचीही नोंद नव्हती त्याला माणसं परत येईपर्यंत हात बांधून बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

हॅन्सन, नोरिया आणि टिअर्नी या तिघांनी १९९९ मध्ये एक लेख लिहिला होता, तो अजूनही वर्गात वाचायला देतात. संस्थेने एकतर लिहून साठवण्याचा मार्ग मुख्य धरावा किंवा माणसांना माणसांशी जोडण्याचा. दोन्हीवर सारखाच जोर दिला तर फसगत होते, असा त्याचा सल्ला. सल्लागार कंपन्यांपुरता तो असेलही बरोबर. भिवंडीत मला दिसतं ते असं की एकटा पहिला मार्गही हरतो आणि एकटा दुसराही. याचा सर्वांत कठोर पुरावा पोलिसांचा आहे.

मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल झाली, पाठोपाठ जळगाव आणि महाडला. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने चौकशी केली. दंगलींवर या देशात जेवढे अहवाल झाले त्यांत तो आजही सर्वांत बारकाईचा मानला जातो. आधीच्या काळात तणाव कसा साचत गेला, प्रशासन कुठे कमी पडलं, दंगलीनंतरच्या पोलीस तपासात पक्षपात कसा झाला, हे सगळं त्यात खंडामागून खंडांत नोंदवलेलं आहे. पोलीस खात्याकडे भिवंडीबद्दल यापेक्षा अधिक लिखित माहिती असणं शक्यच नव्हतं. आणि मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. अहवाल होता. तो वाचून ज्याने काही करायचं, असा माणूस नेमलेला नव्हता.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले. शांतता समित्या त्यापूर्वीही होत्या, पण त्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित लोक, आणि त्या भरायच्या सणाच्या तोंडावर. खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या केल्या, सुमारे सत्तर. त्यांत त्या त्या वस्तीतली साधी माणसं, दोन्ही समाजांची, आणि त्यांच्याबरोबर बसणारे ठाण्यातले पोलीस. कमिटी ठराविक काळाने बसायची आणि दंगलीबद्दल क्वचितच बोलायची. नळावरचं भांडण, भोंग्याचा आवाज, गटार, घरमालक-भाडेकरू, म्हणजे ठाण्यात गेल्यास जे 'एनसी', अदखलपात्र, म्हणून लिहून घेऊन बाजूला ठेवलं जातं, ते इथे समोरासमोर मिटवलं जायचं.

माहितीशास्त्राच्या नजरेने याकडे पाहिलं की काय बदललं ते कळतं. जुन्या पद्धतीत खबरी सांगणार, गोपनीय शाखा टिपण करणार, टिपण वर जाणार, वरून बंदोबस्ताचा हुकूम खाली येणार. माहितीचा प्रवास पूर्ण, आणि ज्याच्याबद्दल माहिती आहे त्याला ती चूक आहे असं म्हणायची जागा कुठेच नाही. कमिटीत वस्तीतला माणूस पोलिसाच्या तोंडावर सांगू शकत होता, साहेब, तुम्हाला मिळालेली खबर खोटी आहे. आणि पोलीसही त्याला तेच सांगू शकत होता. अफवेच्या दिवशी हे कामाला येतं. नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानलं, पण कुणाच्याही शब्दाला नव्हे; बोलणारा आप्त हवा, म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो. अफवाही शब्दच असते. तिला सरकारी पत्रकाने उत्तर मिळत नाही, कारण पत्रक कुणाचं आप्त नसतं. नळाच्या भांडणात ज्याने आपलं ऐकून घेतलं तो हवालदार मात्र आप्त झालेला असतो.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. भिवंडी शांत राहिली. केवळ कमिट्यांमुळे असं कुणी म्हणू नये, न झालेल्या दंगलीचं कारण सिद्ध करणं अवघड असतं. माग एकाचा, सूत दुसऱ्याचा, विणणारा तिसरा, या परस्परावलंबनामुळे गाव शांत राहिलं असंही म्हणतात. पण ते अवलंबन १९७० आणि १९८४ लाही होतंच. नवं होतं ते कमिट्यांचं जाळं. पुढे मुंबईतही मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली, तिच्यापुढे भिवंडीचा दाखला होता.

गोष्ट इथे थांबली असती तर माणसांना माणसांशी जोडणाऱ्या दुसऱ्या मार्गाचा विजय झाला असता. पण अधिकारी बदलतात. खोपडे यांची बदली झाली, ज्या हवालदारांनी वस्ती ओळखली होती तेही यथावकाश बदलून गेले आणि बैठकांची ती जुनी लय राहिली नाही. खोपडे यांनी सगळा अनुभव 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या पुस्तकात लिहून ठेवला, म्हणजे लिखित नोंदही झाली. तरीही जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादावरून इथे हिंसाचार झाला आणि त्यात दोन पोलिसांचा जीव गेला. अहवाल असून १९८४ झालं आणि पुस्तक असून २००६ झालं. मधल्या काळात जे टिकलं ते ना कागदावर होतं ना एका माणसाच्या डोक्यात. ते होतं नेमाने भरणाऱ्या एका बैठकीत, जिथे नोंद बदलण्याचा हक्क दोन्ही बाजूंना होता.

टी. डी. विल्सन या ब्रिटिश अभ्यासकाने २००२ मध्ये ज्ञान-व्यवस्थापन ही निव्वळ निरर्थक गोष्ट आहे, माहिती-व्यवस्थापनालाच दिलेलं ते नवं नाव आहे, असं ठणकावून लिहिलं होतं. त्यांचं निदान बरोबर आहे: ज्ञानाचं व्यवस्थापन म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा नोंदींचंच असतं. पण त्यापुढे मी त्यांच्याबरोबर जात नाही. ज्ञान संस्थेत टिकवता येतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, आणि त्या एकमेकींशिवाय चालत नाहीत. ज्याला प्रत्यक्ष दिसतं त्याला नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार हवा, आणि त्या दुरुस्तीचं पुढे काय झालं हे कळेपर्यंत तो माणूस तिथे राहिला पाहिजे.

दुसऱ्या अटीवर मुद्दाम थोडं बोलतो, कारण ती कुणालाच आवडत नाही. १९६९ चा महाराष्ट्र माथाडी कायदा मजुरीसाठी, भविष्यनिर्वाह निधीसाठी, सुरक्षेसाठी झाला. अण्णासाहेब पाटलांनी हमालांसाठी दिलेल्या लढ्याचं ते फळ. त्याच्याकडे ज्ञान टिकवणारी व्यवस्था म्हणून कुणी पाहिलेलं मला आढळलं नाही. पण पाहावं. नोंदणी झालेली टोळी वर्षानुवर्षं एकाच जागी काम करते. कुठल्या मालाची थप्पी किती उंच लावायची, कुठली गाडी मागून उघडायची, कुठल्या कोपऱ्यात ओल येते, हे टोळीला ठाऊक असतं आणि नवा माणूस आला की तो टोळीकडून शिकतो. टोळीतला एक जण गेला म्हणून ज्ञान जात नाही. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे आहेत, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण त्याचा राग टोळीच्या स्थैर्यावर काढून काही महिन्यांच्या ठेक्याने माणसं आणायची आणि मग ज्ञान जातं म्हणून लाखोंचं सॉफ्टवेअर घ्यायचं, यात कसला व्यवहार आहे? नोंदीला माणूस लागतोच, हे जुन्या दफ्तरांतही दिसतं: पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी मोडी कागद आहेत. त्यांपैकी जे मोडी वाचणाऱ्याच्या हाती पडले तेवढेच आज बोलतात. वाचणारे कमी झाले म्हणून कुणी आणखी कपाटं विकत घेतली नाहीत. मोडीचे वर्ग काढले.

मुंबई, ठाणे, कल्याणच्या कॉलेजांतून दर वर्षी व्यवस्थापनाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी भिवंडीच्या गोदामांत येतात. सिस्टीमचे मॉड्यूल कोणते, स्कॅन किती सेकंदांत होतो, चुकांची टक्केवारी किती, हे ते टिपून नेतात. त्यांना माझी विनंती आहे की जुलैत या, मोजणीच्या दिवशी या आणि फरक निघाला की कुणाला विचारलं जातं ते पाहा. चूक दाखवणाऱ्या हमालाला ती स्वतः लिहिता येते का, त्याच्या लिहिण्याला कुणी उत्तर देतं का, आणि पुढच्या वर्षी तो तिथे सापडतो का, एवढं नोंदवा. आणि गाळेवाल्यांना सांगणं असं: स्कॅनरवर कारणांच्या यादीखाली एक मोकळी ओळ ठेवा, मराठीत, हिंदीत, तेलुगूत बोलून भरता येईल अशी. तिच्यापुढे भरणाऱ्याचं नाव राहू द्या आणि आठवड्याच्या आत त्याला उत्तर द्या. याला नवी सिस्टीम लागत नाही. आहे त्याच सिस्टीममध्ये पुढच्या पावसाळ्याआधी हे होऊ शकतं.